शरणागताचा शब्द आणि मंडळीची साक्ष

पवित्र शास्त्राने आपल्यावर दोन कर्तव्ये सोपविली आहेत. खोटी साक्ष देऊ नये, हे एक. आणि परक्याला जवळ करावे, हे दुसरे. एरवी ही दोन्ही कर्तव्ये एकमेकांच्या आड येत नाहीत. परंतु जिवाच्या भयाने देश सोडून आलेला मनुष्य दाराशी उभा राहतो आणि 'माझ्याबद्दल दोन शब्द लिहून द्या' अशी विनवणी करतो, तेव्हा साक्ष देणाऱ्याची कसोटी लागते. त्याचे सांगणे खरे कशावरून? कागद नाहीत, साक्षीदार मागे राहिले, आणि ज्यांनी छळ केला ते छळाचा दाखला देत नाहीत. विश्वास ठेवावा तर फसवणुकीचे भय. न ठेवावा तर एका जिवाचे पाप माथी.

हा प्रश्न दूरच्या देशांतील न्यायाधीशांचा आहे, असे समजून आपण आजवर स्वस्थ राहिलो. आता तसे राहता येत नाही. नागरिकत्व सुधारणा कायदा २०१९ साली संमत झाला आणि त्याचे नियम ११ मार्च २०२४ रोजी प्रसिद्ध झाले. अफगाणिस्तान, बांगलादेश व पाकिस्तान या देशांतून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत भारतात आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिस्ती लोकांना त्यांन्वये नागरिकत्वासाठी अर्ज करता येतो. अर्जदार या समाजांपैकी एकाचा आहे व अजूनही त्याच समाजात आहे, असे प्रमाणपत्र त्या समाजाच्या स्थानिक नावाजलेल्या संस्थेने द्यावे, अशी नियमांत तरतूद आहे. ख्रिस्ती अर्जदाराच्या बाबतीत ही संस्था कोणती? साहजिकच त्याची मंडळी. म्हणजे शासनानेच मंडळीला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे केले आहे.

एक उदाहरण कल्पनेने डोळ्यांसमोर आणू. लखनौ जिल्ह्यात सरोजिनी नगर नावाची तहसील आहे. शहराचा अमौसी विमानतळ याच भागात येतो. संयुक्त प्रांताच्या पहिल्या राज्यपाल सरोजिनी नायडू यांनी १९४९ साली ज्या लखनौत शेवटचा श्वास घेतला, त्या शहराची ही दक्षिणेकडची बाजू. समजा, येथे भाड्याच्या खोलीत राहणारे एक कुटुंब रविवारी उपासनेनंतर पाळकांना भेटते. आपण पाकिस्तानातून २०१३ साली आलो, आपले आजोबा ख्रिस्ती होते, असे ते सांगते. मंडळीच्या नोंदवहीत त्यांची नावे गेल्या चारच वर्षांपासून आहेत. त्यांचा अर्ज डाक अधीक्षकांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा समितीपुढे जाणार आणि तेथून जनगणना संचालकांच्या अध्यक्षतेखालील राज्यस्तरीय समितीकडे. पाळकांच्या पत्राला तेथे वजन असणार. पाळकांनी काय लिहावे?

उत्तर प्रदेशातील पाळकाची अडचण आणखी एका कारणाने वाढते. त्या राज्याचा २०२१ चा धर्मांतरविरोधी कायदा धर्मांतराचा विधी करणाऱ्यास जिल्हाधिकाऱ्यांना आगाऊ सूचना देण्यास भाग पाडतो आणि धर्मांतर बेकायदा नव्हते हे सिद्ध करण्याचा भार धर्मांतर घडविणाऱ्यावर टाकतो. २०२४ च्या दुरुस्तीने शिक्षा अधिक कडक केल्या. एका कायद्यापुढे पाळकाचा शब्द प्रमाण, तर दुसऱ्यापुढे तोच शब्द संशयास्पद! अशा स्थितीत काहीच न लिहिणे सर्वांत सुरक्षित, असे अनेकांना वाटले तर नवल नाही. परंतु सुरक्षितता आणि सत्यता या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि मौन हीदेखील एक साक्षच असते.

यास्तव प्रथम हे ठरविले पाहिजे की, शरणागताच्या बोलण्याचा खरेखोटेपणा पारखताना नेमके काय पारखायचे असते. आपल्या कायद्याचा प्रश्न मर्यादित आहे: तू कोण, कोठून आलास, केव्हा आलास? २०१५ च्या सरकारी अधिसूचनेत धार्मिक छळाचा व त्याच्या भयाचा स्पष्ट उल्लेख होता. २०१९ च्या कायद्याच्या कलमांत 'छळ' हा शब्द नाही. भारताने निर्वासितांविषयीच्या १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारावर सही केलेली नाही. तो करार मानणाऱ्या देशांत, तसेच संयुक्त राष्ट्रसंघाच्या निर्वासित उच्चायुक्तांच्या दिल्ली कार्यालयात, प्रश्न अधिक खोल असतो: तुला कशाचे भय आहे, आणि ते भय साधार आहे काय? प्रश्न कोणताही असो, परीक्षकाच्या मनात एक विचार हमखास येतो. हा एका गोष्टीत खोटे बोलला असेल, तर बाकीचेही खोटेच असणार!

या विचाराला यहोशवाच्या पुस्तकाच्या नवव्या अध्यायाइतके समर्पक उत्तर मला दुसरीकडे आढळले नाही. गिबोनचे लोक इस्राएलापासून दूर नव्हते. अगदी शेजारी होते. तरी त्यांनी जुनी गोणपाटे, ठिगळे लावलेली पायतणे, फाटके द्राक्षारसाचे बुधले आणि वाळून बुरसटलेल्या भाकरी बरोबर घेतल्या, आणि आपण फार दूर देशाहून आलो आहोत असे सांगितले. आजच्या भाषेत बोलायचे तर त्यांनी बनावट कागदपत्रे सादर केली. इस्राएलाच्या वडिलांनी पुरावा तपासला, भाकरी पाहिल्या, आणि परमेश्वराला न विचारताच शपथ दिली. तीन दिवसांत बिंग फुटले. यहोशवाने जाब विचारला तेव्हा मात्र गिबोनकर खरे बोलले: आम्हांला आमच्या जिवाचे फार भय वाटले, म्हणून असे केले. ते भय शंभर टक्के खरे होते. यरीहो आणि आय या नगरांचे काय झाले ते त्यांना ठाऊक होते. पत्ता खोटा, भाकर खोटी, पण भय खरे.

आणि पुढे काय झाले? वडिलांनी शपथ मोडली नाही. खोटेपणाची शिक्षा म्हणून त्यांना लाकूडतोड्ये व पाणक्ये केले. पण त्यांना मारले नाही. कित्येक पिढ्यांनंतर शौलाने ती शपथ मोडून गिबोन्यांचा वध केला, तेव्हा दाविदाच्या दिवसांत तीन वर्षे दुष्काळ पडला आणि त्याचे कारण हाच रक्तपात असल्याचे परमेश्वराने सांगितले. फसवून मिळविलेल्या आश्रयाचेसुद्धा परमेश्वराच्या दरबारात इतके मोल होते!

निर्वासित उच्चायुक्तांच्या कार्यालयाने १९७९ साली अधिकाऱ्यांसाठी जी मार्गदर्शिका काढली, तिचा निष्कर्ष याच्याशी जुळतो. असत्य विधान हे एकटेच अर्ज फेटाळण्यास पुरेसे कारण नाही. सर्व परिस्थिती ध्यानात घेऊन त्या विधानाचे मोल ठरविणे हे परीक्षकाचे काम आहे, असे ती मार्गदर्शिका सांगते. मिळण्याजोगा सर्व पुरावा पाहून झाल्यावर आणि एकंदर हकीकत विश्वसनीय वाटल्यावर उरलेल्या संशयाचा फायदा अर्जदाराला द्यावा, असेही ती सांगते. ही भोळी दया नव्हे. भ्यालेला मनुष्य खोटे बोलतो, याची ती शहाणी जाणीव आहे. दलालाने पढविलेली गोष्ट त्याच्या तोंडी असते. खऱ्या छळाची हकीकत मात्र लाजेमुळे ओठांवर येत नाही.

बोलण्यातील विसंगतीचेही असेच आहे. कोसोव्हो आणि बोस्निया येथून ब्रिटनमध्ये आलेल्या निर्वासितांच्या दोन-दोन मुलाखती घेऊन केलेला एक अभ्यास २००२ साली तेथील वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. या लोकांना खोटे बोलण्याचे काही कारण नव्हते. तरी प्रत्येकाच्या दोन कथनांत फरक आढळला, विशेषतः बारीकसारीक तपशिलांत. याचे आश्चर्य निदान ख्रिस्ती वाचकाला वाटू नये. पौलाच्या परिवर्तनाची हकीकत प्रेषितांच्या कृत्यांत तीनदा येते. नवव्या अध्यायात त्याच्या सोबत्यांनी वाणी ऐकली पण कोणाला पाहिले नाही. बाविसाव्या अध्यायात त्यांनी प्रकाश पाहिला पण वाणी ऐकली नाही. रिकाम्या कबरेपाशी किती स्त्रिया गेल्या आणि किती देवदूत दिसले, याविषयी चारही शुभवर्तमानांचे तपशील सारखे नाहीत. त्यावरून कोणी पुनरुत्थानाची साक्ष फेटाळत असेल, तर आपण त्याला काय उत्तर देतो? हेच ना, की खरे साक्षीदार पाठ केल्यासारखे बोलत नाहीत? मग जे उत्तर आपण मत्तय आणि योहान यांच्यासाठी देतो, ते काबूलहून आलेल्या माणसासाठी का देऊ नये?

परंतु सर्वांत नाजूक प्रसंग येतो तो विश्वासाच्या पारखणीचा. इराण व अफगाणिस्तान येथून पाश्चात्त्य देशांत गेलेले कित्येक लोक आपण ख्रिस्ती झालो आहोत आणि परत गेल्यास जिवाला धोका आहे, असे सांगतात. तो विश्वास खरा की केवळ व्हिशासाठी, हे अधिकाऱ्याने कसे ठरवावे? ब्रिटनमधील संसद सदस्यांच्या एका गटाने २०१६ साली दाखवून दिले की, अशा अर्जदारांना शालेय परीक्षेसारखे पवित्र शास्त्रावरील किरकोळ प्रश्न विचारले जात होते. २०१९ साली तर तेथील गृहखात्याच्या एका अधिकाऱ्याने एका इराणी अर्जदाराला, लेवीय, प्रकटीकरण इत्यादी पुस्तकांत हिंसेची वर्णने आहेत, म्हणून शांतीचा धर्म म्हणून ख्रिस्ताकडे वळल्याचे तुझे म्हणणे पटत नाही, असे लेखी उत्तर दिले. हे पत्र आपल्या धोरणाला धरून नाही, असे खात्याला पुढे सांगावे लागले.

अशा परीक्षेचे मूळ शास्ते या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात आहे. यार्देनेच्या उताराशी गिलादी लोक उभे होते. पळून आलेल्या प्रत्येकाला ते 'शिब्बोलेथ' म्हणायला लावीत. ज्याच्या तोंडून 'सिब्बोलेथ' निघे त्याला तेथेच ठार करीत. बेचाळीस हजार माणसे एका उच्चारापायी मेली. आणि ती परीक्षा काही चुकीची नव्हती! उच्चारावरून एफ्राइमी मनुष्य अचूक ओळखता येत होता. परीक्षा बिनचूक असूनही न्याय झाला नाही, कारण जे पाहायला हवे ते पाहिलेच गेले नाही.

विश्वास हा माहितीचा साठा नव्हे. आपल्याच मराठी मंडळीचा इतिहास पाहा. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंना त्या वाटेने येण्यास आणखी काही वर्षे लागली. आणि त्यांचा पालट कोण्या सिद्धान्ताच्या अभ्यासाने नव्हे, तर सोवळ्याओवळ्याचा पीळ सैल होत होत झाला. त्या काळात एखाद्या अधिकाऱ्याने त्यांना बारा प्रेषितांची नावे विचारली असती, तर काय निष्पन्न झाले असते? आणि पेत्राला सर्व प्रश्नांची उत्तरे येत होती, तरी प्रमुख याजकाच्या अंगणात त्याने तीनदा नाकबूल केलेच. ज्ञान असूनही भय जिंकते, आणि ज्ञान नसूनही विश्वास उभा राहतो.

न्यायालयाने कोठवर जावे, याचा धडा मुंबईने फार पूर्वी घेतला आहे. १८३९ साली डॉक्टर जॉन विल्सन यांच्याकडे धनजीभाई नौरोजी या पारशी तरुणाने बाप्तिस्मा घेतला, तेव्हा मोठे वादळ उठून प्रकरण मुंबईच्या तत्कालीन सुप्रीम कोर्टात गेले. कोर्टाने त्याच्या अंतःकरणात डोकावण्याचा आव आणला नाही. स्वतःचा निर्णय घेण्याइतका तो जाणता आहे काय, एवढे पाहून त्याला इच्छेप्रमाणे जाऊ दिले. १८४३ साली श्रीपत शेषाद्री हा मुलगा रेव्हरंड रॉबर्ट नेस्बिट यांच्या आश्रयाला गेला होता. तो लहान ठरल्याने कोर्टाने त्याला वडिलांच्या स्वाधीन केले. हा निर्णय मिशनला रुचला नसेल, पण प्रश्न योग्य होता. पुढे त्याला जातीत परत घ्यावे की नाही, यावरून पुण्या-मुंबईच्या शास्त्रीमंडळींत वाद माजला आणि बाळशास्त्री जांभेकर त्याच्या बाजूने उभे राहिले. कोर्टाने वय पाहिले. समाज शुद्धी पाहत बसला. या दोहोंतील फरक आजही विसरण्याजोगा नाही. जर्मनीच्या घटना न्यायालयानेही २०२० साली अशीच रेघ आखली. बाप्तिस्मा झाला की नाही, हा मंडळीचा प्रांत, त्यात न्यायाधीशाने शिरू नये. मात्र विश्वासाचे आचरण त्या व्यक्तीच्या जीवनाला किती अपरिहार्य आहे, हे त्याने तपासावे.

येथवर वाचून कोणी म्हणेल की, ही सारी बाजू शरणागताचीच झाली. लबाडांचे काय? आक्षेप रास्त आहे. ३१ जानेवारी २०२४ रोजी लंडनमध्ये एका अफगाण निर्वासिताने एका स्त्रीवर व तिच्या मुलींवर दाहक द्रव्याचा हल्ला केला. त्याचे अर्ज पूर्वी दोनदा नामंजूर झाले होते. लैंगिक अपराधाबद्दल त्याला शिक्षाही झाली होती. ख्रिस्ती झाल्याच्या आधारावर, एका पाळकाच्या पाठिंब्यासह, त्याला २०२० मध्ये आश्रय मिळाला. मग साऱ्या मंडळ्यांवर टीकेची झोड उठली. ऑस्ट्रेलियाच्या कायद्याने तर अशा शंकेला कलमातच जागा दिली आहे: केवळ दावा बळकट करण्यासाठी तेथे येऊन केलेले आचरण संरक्षण व्हिसाच्या निर्णयात धरले जात नाही. खोट्या शिफारशीने फसतो तो केवळ अधिकारी नव्हे. त्यानंतर येणाऱ्या दहा खऱ्या शरणागतांची पत्रे त्या एका पत्रामुळे कवडीमोल होतात. कनवाळूपणे लिहिलेले असत्य शेवटी दुबळ्यांच्याच मुळावर येते. म्हणून दया करण्यासाठी सत्य वाकविण्याची मुभा मंडळीला नाही.

मग करावे काय? प्रेषितांची कृत्ये, अध्याय नऊ, यात याचा नमुना आहे. शौल यरुशलेमेस आला तेव्हा शिष्य त्याला भीत होते. तो शिष्य आहे यावर कोणाचा विश्वास बसेना. त्यांची शंका अवाजवी नव्हती. त्याच्या हाताने कित्येकांची घरे उद्ध्वस्त झाली होती. तेव्हा बर्णबाने त्याला प्रेषितांपाशी नेले. पण बर्णबा 'हा फार भला मनुष्य आहे' असे मोघम बोलला नाही. वाटेत याने प्रभूला कसे पाहिले, प्रभू याच्याशी कसा बोलला आणि दिमिष्कात याने येशूच्या नावाने कसे निर्भयपणे भाषण केले, ही घडलेली हकीकत त्याने सांगितली. शौलाच्या अंतःकरणाची हमी त्याने दिली नाही. ती परमेश्वरावाचून कोण देऊ शकतो? घडलेले सांगितले आणि त्याच्याबरोबर उभा राहिला.

सरोजिनी नगरच्या आपल्या कल्पित पाळकांनीही असेच लिहावे. हे कुटुंब अमुक वर्षापासून उपासनेस येते. प्रभुभोजनात सहभागी होते. मुले रविवारच्या शाळेत असतात. त्यांच्या घरच्या मृत्यूच्या वेळी आम्ही प्रार्थनेस गेलो होतो. त्यांच्या आजोबांविषयी त्यांनी आम्हांला असे सांगितले, पण त्याची नोंद आमच्याजवळ नाही. पाकिस्तानातून ते केव्हा आले, हे आम्ही पाहिलेले नाही. असे पत्र दिसायला दुबळे, पण ते मोडता येत नाही. स्कॉटलंडच्या वरिष्ठ न्यायालयाने २०१८ साली इराणी अर्जदारांच्या प्रकरणात हेच तत्त्व उचलून धरले: अर्जदाराचे स्वतःचे म्हणणे इतर बाबतींत अविश्वसनीय ठरले, म्हणून मंडळीतील स्वतंत्र साक्षीदारांनी प्रत्यक्ष पाहिलेले दूर सारता येत नाही. जी साक्ष आपल्या दृष्टीच्या मर्यादेतच राहते, तीच शेवटी टिकते. आणि जेथे काहीच पाहिलेले नाही तेथे पत्र नाकारावे. परंतु माणसाला नाकारू नये. त्याला भाकर, औषध आणि वकिलाचा पत्ता देण्यासाठी कोणत्याही प्रमाणपत्राची गरज नसते.

हा क्रम शास्त्रानेच घालून दिला आहे. यहोशवाच्या विसाव्या अध्यायात शरणपुरांचा नियम सांगितला आहे. हातून नकळत मनुष्यवध झालेला पळून आला, की त्याने नगराच्या वेशीत उभे राहून वडिलांना आपली हकीकत सांगावी. मग वडिलांनी काय करावे? प्रथम त्याला आत घ्यावे आणि राहायला जागा द्यावी. मंडळीपुढे न्यायनिवाडा त्यानंतर. निवाडा टाळायचा नाही. परंतु तो होईपर्यंत माणूस वेशीबाहेर, सूड घेणाऱ्याच्या हातात ठेवायचा नाही. यातील कारण उघड आहे. दोन चुका सारख्या नसतात. लबाडाला चुकून आत घेतले तर ती चूक पुढे दुरुस्त होऊ शकते. खऱ्या शरणागताला चुकून परत पाठविले तर ती दुरुस्त करायला तो उरतोच असे नाही.

महाराष्ट्राच्या मंडळीला हा शब्द परका नाही. नाशिकजवळचे शरणपूर एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास चर्च मिशनरी सोसायटीने वसविले. समुद्रात पकडलेल्या गुलामवाहू गलबतांवरून सोडविलेली आफ्रिकी मुले तेथे आणली गेली. त्यांच्यापाशी कसला कागद असणार? त्यांना जागा मिळाली, शिक्षण मिळाले. त्यांच्यापैकीच जेकब वेनराइट हा लिव्हिंग्स्टनच्या पार्थिवासोबत आफ्रिकेतून थेट लंडनपर्यंत गेला आणि १८७४ साली वेस्टमिन्स्टर ॲबेतील दफनविधीस उपस्थित राहिला. ज्याला स्वतःचे गाव धड सांगता आले नसेल, त्याने दुसऱ्याची अशी साक्ष दिली.

शेवटी एक गोष्ट मनाशी धरून ठेवू. कायद्याने आपल्या पत्राला आज किंमत दिली आहे ती आपल्याच धर्माच्या माणसापुरती आणि तीन देशांपुरती. २०२१ च्या लष्करी उठावानंतर म्यानमारमधून मिझोरमात आलेले हजारो चिन लोक बहुतांशी ख्रिस्तीच आहेत, पण हा कायदा त्यांच्यासाठी नाही. आणि त्याच देशातून आलेल्या रोहिंग्या मुसलमानाचे भय काही कमी खरे नाही. २०२५ च्या नव्या परकीयविषयक कायद्यानेही आपण परकीय नाही हे सिद्ध करण्याचा भार त्या त्या व्यक्तीवरच ठेवला आहे. ज्याच्यासाठी आपले पत्र चालत नाही, त्याच्यासाठी आपला आवाज चालतो. साक्ष देताना पाहिले त्याहून एक शब्द अधिक नको. पण जे पाहिले ते सांगताना, समोरचा आपला की परका, हे पाहून एक शब्द कमीही नको.